वानरलिंगी भिंतीपासून सुटली

पुण्यात माझं फोटो छपाईचं काम आहे. बहुतेक लोक पेनड्राइव्ह देऊन जातात आणि ठरल्या दिवशी प्रिंट न्यायला येतात. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडम मात्र आल्या त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. नाणेघाटाच्या पठारावरून काढलेला जीवधन किल्ल्याचा कृष्णधवल फोटो त्यांना वर्गात लावायचा होता, तीन फूट रुंद. कॅमेरा नवा, हातही नवाच.

"मुलांना लाव्ह्याचे थर दिसले पाहिजेत, दादा. रंगीत फोटो दाखवला की पोरं नुसतं निळं आकाश बघतात."

पण त्यांनी निवडलेल्या फोटोत थर दिसतच नव्हते. नोव्हेंबरातली भर दुपार, ऊन डोक्यावर. वर मोबाइलमध्ये काँट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, शेवटापर्यंत ओढलेला, त्यामुळे कड्याच्या सावल्या पार काळ्या झाल्या होत्या आणि ढगांच्या जागी कोरा कागद उरला होता. शिवाय किल्ल्यालगतचा वानरलिंगीचा सुळका गायब.

"सुळका कुठाय, मॅडम?"

त्यांनी बरोब्बर जागेवर बोट ठेवलं. सुळका होता, पण त्याच्या मागे किल्ल्याची भिंत येत होती आणि दोघांचा करडा एकच. रंगीत फोटोत भिंतीवरचं पिवळं गवत दोघांना वेगळं ठेवत होतं. रंग काढून घेतल्यावर उरतो तो फक्त उजेड, आणि उजेड दोन्हीकडे सारखाच होता. अशा वेळी काँट्रास्ट कितीही वाढवा, दोन्ही एकदमच काळे होतात.

मी बाकीच्या फाइली मागितल्या. नशिबाने कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आणि नेहमीची जेपेग दोन्ही साठवत होता. रॉ फाइलमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत असते, म्हणून कुठला रंग किती उजळ करड्यात उतरवायचा हे नंतरही ठरवता येतं. मॅडम पठारावर संध्याकाळपर्यंत फिरल्या होत्या. शेवटच्या फोटोंपैकी एक त्यांनी 'धुरकट आलाय' म्हणून बाजूला टाकला होता. मी तो उघडला आणि तिथेच थांबलो. त्या थोड्या बाजूला सरकल्या होत्या, तेवढ्यानं सुळका आणि भिंत यांच्यामध्ये आकाशाची एक उभी पट्टी मोकळी झाली होती. गडद दगडाच्या दोन्ही कडांना उजळ आकाश. चौकट कशी बांधायची आणि काँट्रास्ट कुठून आणायचा, हे दोन प्रश्न लोक वेगवेगळे समजतात. माझ्या मते कृष्णधवलात तो एकच प्रश्न आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर पायांनी द्यायचं असतं.

उरलेलं अर्धं उत्तर संध्याकाळच्या उन्हात होतं. कोकणाच्या बाजूने तिरपं ऊन आलं की कड्यातल्या प्रत्येक पायरीची सावली पडते. उन्हातलं वाळलं गवत पिवळंधमक दिसतं आणि सावलीतल्या दगडावर फक्त आकाशाचा उजेड असल्यामुळे तो निळसर होतो. डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही, पण फाइलमध्ये ते नोंदलेलं असतं. मी पिवळ्याचा स्लायडर हळूहळू वर नेला आणि निळ्याचा खाली आणला. कड्यावर आडव्या उजळ रेघा उमटायला लागल्या, एकाखाली एक.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "अहो, हे गवत थरांवरच आहे! कठीण बेसॉल्ट उभा राहतो, मऊ थर झिजून पायरी होते, पायरीवर माती धरते आणि तिथेच गवत येतं." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर त्या मला स्क्रीनवर बोटाने मोजून दाखवत होत्या. या कामात इतकी वर्षं काढून सह्याद्रीतलं गवत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

निळा मात्र बेतानेच उतरवला. फार ओढला तर आकाशात रवाळ डाग येतात आणि कड्याच्या काठाला पांढरी किनार दिसते. लाल फिल्टर लावून आकाश गडद करण्याची जुनी रीत हीच, आता ती फाइलवर करता येते एवढंच.

मग छोटा प्रिंट काढला. काळ्या पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे मी हाताशी ठेवतो. ते प्रिंटवर सरकवत चौकट शोधायची. मॅडमना डोळे किलकिले करून बघायला सांगितलं. नजर आधी कुठे जाते? खालच्या उजव्या कोपऱ्यात! तिथे एका टपरीचा पत्रा उन्हात चमकत होता. रंगीत फोटोत त्याच्याकडे लक्षही गेलं नसतं, इथे मात्र अख्ख्या चित्रातली सर्वांत उजळ जागा तीच. त्यांनी स्वतःच पुठ्ठा वर सरकवला. पत्रा गेला, त्याबरोबर पठाराची बरीच रिकामी जमीनही गेली आणि किल्ला चौकटीत मोठा झाला.

धुरकटपणावरून मात्र आमचं जुळलं नाही. त्यांना मागचं कोकणही स्वच्छ हवं होतं. मी म्हणालो, दूरचे डोंगर फिके पडत जातात म्हणून तर ते दूर वाटतात. सगळीकडचं धुकं काढलं तर किल्ला आणि मागची रांग पुन्हा एकमेकांना चिकटतील. दोन्ही प्रकारचे टेस्ट प्रिंट शेजारी ठेवले. बराच वेळ बघून त्यांनी माझावाला निवडला, पण "थर अजून ठळक करा" या अटीवर. कर्व्हने, म्हणजे उजळ-गडद छटा कमीजास्त करायच्या वक्ररेषेने, फक्त कड्यापुरता काँट्रास्ट वाढवला. सावलीतल्या दगडाचा पोत शाबूत राहील एवढं सांभाळलं, कारण चकाकी नसलेल्या मॅट कागदावर काळा तितका खोल बसत नाही आणि गडद भाग चटकन एकमेकांत मिसळतात.

निघताना त्यांनी विचारलं, आकाश गडद करणारा तो लेन्सवरचा फिल्टर, पोलरायझर, घेऊ का? घ्या म्हटलं, पण सूर्य खांद्याच्या रेषेत असेल तेव्हाच त्याचा पुरेपूर उपयोग होतो, आणि रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं येतं. जानेवारीत त्या सातवीच्या मुलांना घेऊन पुन्हा नाणेघाटात जाणार आहेत. या वेळी दुपारी चारनंतर.