बॉस्टनमध्ये शार्लट कुशमनच्या मागावर

बॉस्टनला येणारा प्रत्येक जण फ्रीडम ट्रेलची, म्हणजे ऐतिहासिक स्थळं जोडणाऱ्या पायवाटेची, लाल रेघ धरून चालतो. मी ती ट्रेमाँट स्ट्रीटवर सोडली, कारण मला शार्लट कुशमनची जागा पाहायची होती. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेची सर्वांत मोठी नटी, जन्म याच शहरातला, १८१६ सालचा.

ट्रेमाँट टेम्पल हे बाप्टिस्ट चर्च आज जिथे आहे, तिथे तेव्हा ट्रेमाँट थिएटर होतं. १८३५ मध्ये, अठराव्या वर्षी, ती तिथे मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेरात काउंटेस म्हणून उभी राहिली. वडिलांचा धंदा बुडालेला, घराला कमाई हवी होती, आणि गाणं हाच तिचा आधार होता. पण न्यू ऑर्लीन्सच्या दौऱ्यात आवाज गेला. एवढ्या कोवळ्या वयात दुसरं कुणी घरी परतलं असतं. ती तिथेच १८३६ मध्ये शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ झाली आणि पुढची जवळजवळ चार दशकं ही भूमिका तिचीच राहिली.

चर्चला लागूनच पार्कर हाउस हॉटेल. १८७६ च्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने तिचं निधन झालं ते इथेच. आताची इमारत १९२७ ची आहे, तिची खोली शोधण्यात अर्थ नाही. तरी त्या फुटपाथवर मी बराच वेळ थांबले. पहिला प्रवेश आणि शेवटचा श्वास यांच्यात एका रस्त्यावरची काही पावलं, आणि मध्ये लंडन, रोम, न्यूयॉर्क!

लंडनच्या हेमार्केट थिएटरात १८४५ च्या डिसेंबरात ती रोमिओ झाली, धाकटी बहीण सुझन ज्युलिएट. अठराव्या शतकातला इंग्रज नट डेव्हिड गॅरिक याने बदललेली संहिता तेव्हा रूढ होती. कुशमनने ती बाजूला ठेवून शेक्सपिअरचा मूळ पाठ घेतला. पुरुषवेषाचं कौतुक सगळे करतात, मला हा निर्णय जास्त धाडसाचा वाटतो. परक्या देशात जाऊन त्यांचाच नाटककार त्यांना परत मिळवून द्यायचा!

टेकडी चढून स्टेट हाउससमोर गेलात तर शिक्षणसुधारक होरेस मानचा ब्राँझचा पुतळा दिसेल. तो एमा स्टेबिन्सने घडवलेला. रोममध्ये कुशमनच्या घराभोवती जमलेल्या शिल्पकार स्त्रियांपैकी ती एक, आणि शेवटपर्यंतची जोडीदार. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला बेथेस्डा कारंज्यावरचा देवदूत, ज्याच्याशेजारी रोज शेकडो लोक फोटो काढतात, तोही तिचाच. अनावरण १८७३ चं. १८६९ मध्ये कुशमनला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. स्टेबिन्सने शिल्पकाम मागे टाकून तिची शुश्रूषा केली आणि नंतर तिचं चरित्र लिहिलं. कुशमनचा आवाज, चाल, नजर यांचं ध्वनिमुद्रण वा चित्रण काहीच नाही, त्यामुळे त्या चरित्राचं मोल मला फार वाटतं.

हार्वर्ड स्क्वेअरवरून बसने माउंट ऑबर्न दफनभूमी गाठता येते. १८३१ मध्ये सुरू झालेली ही जागा बागेसारखी आखलेली आहे. नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नका. कुशमनच्या थडग्यावर उंच दगडी स्तंभ आहे. याच आवारात त्या काळचा नामांकित अमेरिकन नट एडविन बूथही आहे. न्यूयॉर्कमधला निरोपाचा प्रयोग तिने १८७४ मध्ये केला, तो बूथच्याच नावाच्या थिएटरात. स्टेबिन्स मात्र इथे नाही, ती न्यूयॉर्कला, ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत आहे. दोघींना भेटायचं तर दोन्ही शहरं करायला हवीत, आणि ती करावीत असं मी मनापासून सांगेन.