परजीवी मूठभर, माणूसच पोतंभर: फाल्सिपेरमचा जीनोम वाचताना

मलेरियाच्या रुग्णाचं रक्त थेट सीक्वेन्सरला (डीएनए वाचणाऱ्या यंत्राला) दिलं, तर पैसे जातात माणसाचा जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचण्यात. हिशोब साधा आहे. 1 टक्का लाल पेशींमध्ये परजीवी असला, तर एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 50,000 परजीवी आणि 5,000 पांढऱ्या पेशी असतात. म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे दहा परजीवी. पण प्लास्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचा जीनोम 2.3 कोटी अक्षरांचा आणि पांढऱ्या पेशीतला 640 कोटींचा. दहा परजीवी मिळून 23 कोटी, म्हणजे एकूण डीएनएच्या जेमतेम साडेतीन टक्के. 50 पट वाचन (प्रत्येक अक्षर सरासरी 50 वेळा) हवं असेल तर परजीवीची 115 कोटी अक्षरं पुरतात, पण अशा नमुन्यात तेवढ्यासाठी 3,300 कोटी वाचावी लागतात.

म्हणून पांढऱ्या पेशी आधीच काढून टाकायच्या. आम्ही ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमधलं 2 मिलीलिटर रक्त पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) समप्रमाणात मिसळतो आणि 10 मिलीलिटरच्या सिरिंजमध्ये दाबून भरलेल्या सेल्युलोजमधून सोडतो. सेल्युलोज आधी पीबीएसने भिजवून घ्यायचं. पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, लाल पेशी खाली उतरतात. घाई झाली म्हणून दट्ट्या जोरात दाबू नये. हे काम रक्त काढल्यापासून काही तासांत उरकायला हवं. रक्त आधी गोठवलं तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मोकळा होऊन सेल्युलोजमधून आरामात पार होतो आणि मग गाळणं निव्वळ नाटक ठरतं. गडचिरोलीसारख्या दुर्गम भागातून नमुने येणार असतील तर गाळणी तिकडेच पाठवावी, प्रयोगशाळेत वाट बघत बसू नये.

क्युबिट या डीएनए मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बघून खूश होऊ नका, तो माणूस आणि परजीवी वेगळे सांगत नाही. क्यूपीसीआर (ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवत मोजण्याची चाचणी) करून मानवी डीएनए 30 टक्क्यांच्या खाली आलाय का, हे बघूनच आम्ही पुढे जातो. मग 164 कोटी अक्षरांत भागतं.

दुसरी डोकेदुखी म्हणजे या जीनोममधले सुमारे 81 टक्के बेस (डीएनएची अक्षरं) ए किंवा टी असतात, आणि जनुकांच्या मधल्या जागांत तर 90 टक्क्यांच्या आसपास. ए-टी जोडी दोनच हायड्रोजन बंधांवर टिकते, त्यामुळे थोडी उष्णता लागली की धागे सुटतात. हव्या लांबीचा डीएनए असलेला जेलचा तुकडा बफरमध्ये 50 अंशांवर विरघळवायची सवय इथे नडते, तो खोलीच्या तापमानालाच विरघळू द्यावा. डीएनए 500 नॅनोग्रॅम असेल तर पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या) वाटेला जाऊच नये. करावाच लागला तर फेऱ्या कमीत कमी ठेवाव्यात, एक्स्टेन्शन (नवा धागा लांबवण्याची पायरी) 72 ऐवजी 65 अंशांवर घ्यावं आणि एन्झाइम कापा हायफायसारखं घ्यावं. साध्या पॉलिमरेजवर (धागा बनवणाऱ्या एन्झाइमवर) केलेल्या लायब्ररीत (वाचनासाठी तयार केलेल्या डीएनए तुकड्यांच्या संचात) जनुकं दिसतात, पण मधले पट्टे कोरडे राहतात.

वाचनं मानवी आणि 3डी7 (फाल्सिपेरमचा प्रमाण वाण) या दोन्ही संदर्भ जीनोमशी एकाच वेळी जुळवून मानवी तेवढी वगळतो. रक्तातला परजीवी हॅप्लॉइड असतो, म्हणजे त्यात जीनोमची एकच प्रत असते. तरी एकाच जागी दोन अक्षरं दिसली, तर बहुधा रुग्णात दोन वाण आहेत. मात्र गुणसूत्रांच्या टोकांकडच्या व्हार जनुकांत (एकमेकांशी मिळतीजुळती, सतत बदलणारी जनुकं) असं दिसलं तर विश्वास ठेवू नका. तिथली वाचनं भलतीकडेच चिकटतात, म्हणून तो भाग आम्ही गाळतोच.

कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबात गाळण्यासारखं काही उरत नाही. तिथे फाय-29 हे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम आणि परजीवीच्या डीएनएवर जास्त वेळा बसणारे प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) वापरून निवडक प्रवर्धन करतो, म्हणजे मुख्यतः परजीवीच्याच डीएनएच्या प्रती वाढवतो. आर्टेमिसिनिन या औषधाला दाद न देण्याशी जोडलेला, केल्च13 जनुकातला सी580वाय बदल त्यात चांगला सापडतो. पण हे प्रवर्धन सगळीकडे सारखं होत नाही, आणि एचआरपी2 जनुक आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ, म्हणजे जिथे ते कमी पडतं तिथेच, आहे. बहुतेक रॅपिड टेस्ट याच जनुकाच्या प्रथिनावर चालतात. तिथे वाचनं शून्य आली की जनुकच गायब असल्याचा निष्कर्ष काढायचा मोह होतो. अशा वेळी मूळ, प्रवर्धन न केलेल्या डीएनएवर एचआरपी2चा पीसीआर लावायचा, सोबत परजीवीचं दुसरं एक जनुक ठेवायचं, आणि ते दुसरं उमटलं तरच पहिल्याच्या कोऱ्या पट्टीला किंमत द्यायची.