तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्यांच्या कोडावरची टिपणे

“स्वतःचे काही लिहायचे सोडून दुसऱ्यांच्या कोडावरची टिपणे सुधारण्यात एवढा वेळ का घालवता?” डिचोलीतले आप्त हा प्रश्न काळजीने विचारतात आणि माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणारी मुले कुतूहलाने. टिपणे म्हणजे कोडाचा एखादा भाग काय करतो, हे तो वापरणाऱ्याला सांगणारा मजकूर. दोघांनाही मी म्हापसा या शब्दापासून उत्तर देतो.

आपण हा शब्द तीन अक्षरांचा मानतो : म्हा, प, सा. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात मात्र म, हलन्त, ह, काना, प, स आणि पुन्हा काना अशी सात चिन्हे होतात, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणुकीचे एकक) घेत असल्यामुळे रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत या शब्दाची लांबी विचारली की उत्तर २१ येते. आमच्या गावातल्या वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या कण्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा छोटा प्रोग्रॅम केला होता. लांब शीर्षके ‘ट्रंकेट’ हे फंक्शन, म्हणजे मजकूर दिलेल्या लांबीवर तोडणारा तयार कोड, वापरून २० या लांबीवर तोडली. काही शीर्षके नीट छापली जात, तर काहींशी प्रोग्रॅम पॅनिक होऊन बंद पडे. दोन संध्याकाळी गेल्यावर उलगडा झाला. तोडण्याची जागा एखाद्या चिन्हाच्या मधोमध आली की ‘ट्रंकेट’ पुढे जातच नाही. सलग देवनागरीत २० हा आकडा नेहमीच चिन्हाच्या पोटात पडतो, आणि शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असल्यामुळे, पहिल्या वीस बाइटांत अशा दोन जागा असलेली शीर्षके तेवढी निमूट पार पडत होती.

हा इशारा ‘ट्रंकेट’च्या टिपणात होता, ‘पॅनिक्स’ या मथळ्याखाली, स्वच्छ शब्दांत. मी मात्र फक्त खालचे उदाहरण वाचले होते, आणि त्यात ‘हॅलो’ हा इंग्रजी शब्द दोनवर तोडलेला होता. इंग्रजीत अक्षर आणि बाइट एकच, त्यामुळे उदाहरणाने मला वेगळे काहीच सुचवले नाही. लांबी सांगणाऱ्या ‘लेन’ फंक्शनचे टिपण यासाठीच मला फार आवडते. त्यातल्या एका उदाहरणात मुद्दाम वळणदार ‘एफ’ घेतला आहे, आणि दिसायला तीन अक्षरांच्या त्या शब्दाची लांबी ४ भरते. घाईतला वाचक वरचे वाक्य वगळून थेट उदाहरणावर आला तरी धोका त्याच्या नजरेतून सुटत नाही. टिपण सुधारणे म्हणजे बहुतेक वेळा एवढेच असते : सोप्या उदाहरणाशेजारी अडचणीचे एक उदाहरण ठेवणे. रस्टमध्ये टिपणातली उदाहरणे चाचण्यांबरोबर चालवून पाहिली जातात, त्यामुळे कोड बदलून उदाहरण खोटे ठरले तर ते लगेच कळते.

वाक्यांना मात्र असा पहारेकरी नाही. शिवाय स्टँडर्ड लायब्ररीच्या, म्हणजे भाषेबरोबरच मिळणाऱ्या तयार कोडाच्या, टिपणातले वाक्य हे वचन असते. पायथन या भाषेच्या ३.६ या आवृत्तीत डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य अशा नोंदी ठेवणारी रचना, नोंदी घातल्या त्याच क्रमाने परत देऊ लागली. तो तेव्हा केवळ अंतर्गत रचनेचा परिणाम होता आणि त्यावर विसंबू नका, असे टिपणात सांगितले होते. ३.७ मध्ये तोच क्रम भाषेचा नियम ठरला. दोन्ही आवृत्त्यांत दिसणारे वर्तन एकच, फरक लिहिलेल्या शब्दाचा. तसे लिहून दिल्यावर पुढची रचना कितीही वेगवान सुचली तरी तो क्रम मोडता येत नाही. लिहिलेच नाही, तर लोक चालवून पाहतात, जे दिसेल तेच कायमचे धरून चालतात आणि पुढच्या बदलात त्यांचे प्रोग्रॅम मोडतात. मला दुसरी गोष्ट अधिक घातक वाटते, कारण तिथे कोणीच चुकलेले नसते.

म्हणून एका वाक्याला कधी महिना लागतो, हे आप्तांना पटवणे कठीण जाते. त्या महिन्यात मी फंक्शनचा कोड तळापर्यंत वाचतो, रिकामी यादी, शून्य, सर्वांत मोठी संख्या देऊन पाहतो, आणि मग माझे वाक्य तपासणारे विचारतात की हे सगळ्या यंत्रांवर खरे आहे का, आणि दहा वर्षांनीही खरे ठेवायची आपली तयारी आहे का. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी, आणि टिपणे इंग्रजीतली. त्यांच्यासाठी मी वाक्ये लहान करतो आणि ‘सहसा’, ‘बहुधा’ असे शब्द काढून नेमकी अट लिहितो, कारण ‘सहसा’ वाचून मुलांना अपवाद कुठला ते कळत नाही.

सध्या माझ्यापुढे असेच एक वाक्य आहे. रिकामी यादी दिली तर एक फंक्शन काय परत करते, एवढेच त्यात सांगायचे आहे. आजच्या कोडात ते खरे आहे, याची मी खात्री करून घेतली आहे. ते वचन म्हणून लिहायचे की नाही, याचे उत्तर अजून यायचे आहे.