तेराचा बसेना, चौदाचा घसरायचा थांबेना

१९८७ साली माझी बीएसए एम-२० मोटारसायकल घरी आली ती हातगाडीवरून. आई दारात उभी होती. "ह्ये भंगार कुठं ठेवणार?" एवढंच म्हणाली.

बर्मिंगहॅमची गाडी, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी अशा लाखाच्या वर बनल्या. टाकीचा हिरवा रंग खरवडला की खाली दुसरा हिरवा निघायचा.

पहिल्याच दिवशी बोल्टांनी माझी जिरवली. तेराचा पान्हा बसेना, चौदाचा घसरून डोकं गोल करायला लागला. शेवटी बोल्ट खिशात टाकून कोल्हापूरचं उद्यमनगर गाठलं. तिथल्या एका म्हाताऱ्या टर्नरनं तो उजेडात धरला. "ह्यो मिलिमीटर न्हाई पोरा, व्हिटवर्थ हाय, जुनं इंग्रजी इंचाचं माप." पेटीतनं एक काळा पान्हा काढला, त्यावर पाव इंचाचा आकडा. व्हिटवर्थच्या पान्ह्यावर बोल्टाच्या दांड्याची जाडी कोरलेली असते, डोक्याचं माप नाही. पाव म्हणजे तोंड १३.३ मिलिमीटर, तेरा-चौदाच्या मध्ये. ही अक्कल मला दोन बोल्ट वाया घालवून आली.

चालू करणं हा तर विधीच. पेट्रोलचा कॉक उघडायचा, अमल कार्बोरेटरचं बटण ओघळ येईस्तोवर दाबायचं, हँडलवरच्या लिव्हरनं स्पार्क मागे घ्यायचा (म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते), व्हॉल्व्ह उचलून पिस्टन मोक्यावर आणायचा, मग किक. स्पार्क मागे घ्यायला विसरलात तर किक उलटी येते. मी एकदाच विसरलो, आठवडाभर लंगडलो. पावसाळाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू खाली इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये उतरायचं. ते आधी काढलं नाही तर धूर असा, की शेजारच्या काकू वाळत घातलेले पापड उचलून आत पळायच्या.

पुढं व्हॉल्व्हचा गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यातून वरखाली सरकतो ती नळी, झिजला. नवा मिळायचा कुठं? म्हाताऱ्यानं जुना मोजला, कास्ट आयर्नचा, म्हणजे बिडाचा तुकडा लेथला लावला आणि संध्याकाळपर्यंत नवा हातात ठेवला. बिडाच्या ओतकामाच्या गावात राहण्याचा हा फायदा. पैसे विचारले तर म्हणाला, "पन्हाळ्याला घिऊन चल एकदा."

रविवारी निघालो. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, मागं सस्पेन्शन नावाला नाही. मला निदान सीटखाली स्प्रिंगा होत्या, त्याला मडगार्डवरची गादी. वाघबीळनंतर चढ लागला तशी गाडी धप्-धप् करत, न कुरकुरता चढली. मागनं मात्र दर खड्ड्याला "आई अंबाबाई!" ऐकू यायचं.

तीन दरवाजाजवळ उतरला, कंबर धरून खाली वाकला, इंजिनाला कान लावला. बराच वेळ.

"गाइड बसलाय," म्हणाला.

येताना तो एसटीनं आला.