घड्याळ नागपूरला उंच-सखल का करून राहिलं?

पहाटे पाचला सिव्हिल लाइन्समधून निघायचं, फुटाळा, सेमिनरी हिल्स करून आठला त्याच फाटकाशी परत यायचं. निघताना धावण्याच्या घड्याळात समुद्रसपाटीपासूनची उंची 312 मीटर होती, परतल्यावर 298. फाटक तर जागचं हललेलं नाही. मग धावणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'सेन्सर गेला वाटतं.' बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. त्या तीन तासांत बदललेली असते ती हवा, आणि घड्याळ तीच मोजत असतं.

घड्याळाकडे उंची काढायचे तीन मार्ग आहेत: उपग्रह, हवेचा दाब आणि नकाशातली तयार उंची. कुठल्या घड्याळात काय आहे हे आधी पाहा, कारण उपाय त्यावर ठरतो. गार्मिनच्या फोररनर 55 आणि 245 मध्ये दाब मोजणारा बॅरोमीटर नाही. 255, 265 आणि 165 मध्ये आहे. कोरोसच्या पेस 2 आणि पेस 3 मध्ये आहे. अ‍ॅपल वॉचमध्ये सिरीज 3 पासून आहे. बॅरोमीटर नसेल तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे घड्याळ खऱ्या उंचीशी जुळवायच्या, नादी लागू नका, खाली नकाशाबद्दल लिहिलंय तिथे जा.

उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा साधारण दीडपट ते तिप्पट चुकते. आडव्या दिशेला उपग्रह चहूबाजूंनी मिळतात, उभ्या दिशेला मात्र सगळे डोक्यावरच. पायाखालचे उपग्रह पृथ्वीआड. त्यात एक वेगळी गोम आहे. जीपीएस मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळापासून, समुद्रसपाटीपासून नाही. नागपूरकडे या दोन पातळ्यांत ढोबळमानाने 60 मीटरचा फरक आहे, आणि लंबवर्तुळ वर आहे. घड्याळं ही दुरुस्ती आतल्या आत करतात. फोनमधली काही साधी जीपीएस अ‍ॅप करत नाहीत, म्हणून ती धरमपेठेत उभ्या माणसाला 250 च्या आसपास दाखवतात. त्या आकड्यावरून घड्याळ 'सुधारायला' गेलात तर चांगलं चाललेलं घड्याळ 60 मीटर खाली ढकलाल.

आता बॅरोमीटर. आपल्या उंचीवर, 30 अंशांच्या हवेत, दाबात 1 हेक्टोपास्कलचा (हे दाब मोजायचं एकक) फरक म्हणजे उंचीत जवळपास 9 मीटर. दाब कमी झाला की घड्याळ समजतं तुम्ही चढलात. आणि उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, भरती-ओहोटीसारखा: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार-पाच या वेळेत दाब 4 हेक्टोपास्कलपर्यंत सहज उतरतो. म्हणजे टेबलावर ठेवलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत 35 मीटर 'चढून' बसतं.

यात धावणाऱ्याच्या कामाचा मुद्दा असा की आपण ज्या दोन वेळा धावतो, पहाटे आणि संध्याकाळी सहानंतर, त्या दोन्ही वेळी दाब चढता असतो. म्हणून नागपुरात घड्याळ धावताना खालीच सरकतं. तीन तासांत दीड हेक्टोपास्कल, म्हणजे 13-14 मीटर. फाटकाचा हिशेब लागला. उलट पहाटेच्या धावेत घड्याळ वर सरकलं तर मात्र कान टवकारा: एक तर हवामान पालटतंय, नाहीतर सेन्सरच्या छिद्रात काहीतरी अडकलंय.

हे सरकणं ओळखायची सोपी खूण आहे. फेरी जिथून सुरू तिथेच संपली असेल तर एकूण चढ आणि एकूण उतार सारखे हवेत. चढ 46 आणि उतार 60 आला, तर मधले 14 मीटर हवेचे. हळूहळू सरकलेल्या दाबाने चढाचा आकडा फारसा बिघडत नाही. चढाचा आकडाच भलता आला, म्हणजे सपाट रस्त्यावर 150 मीटर, तर कारण वेगळं.

ऋतूंचंही तसंच. जानेवारी आणि जून यांच्या दाबात 10 हेक्टोपास्कलच्या आसपास फरक पडतो, म्हणजे 90 ते 100 मीटर. हिवाळ्यात एकदा जुळवून विसरून गेलेलं घड्याळ पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरला 400 मीटरवर नेऊन ठेवतं. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून गेला तर एका दिवसात 40 मीटर वर. वळवाच्या पावसात थंड हवा दाणकन खाली येते तेव्हा दाब काही मिनिटांत 2 हेक्टोपास्कल वाढू शकतो. उंचीच्या आलेखात तो सरळ खड्डा दिसतो.

जुळवायचं कशावर, हा प्रश्न नागपूरकराला पडूच नये. झिरो माइलपाशी 1907 सालची सर्वेक्षणाची उंचीखूण आहे, 1020.171 फूट. म्हणजे 310.95 मीटर. घड्याळाला 311 पुरे, मनगट मीटरभर वर असतं त्याचा विचार करू नका. दुसरा आधार रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीचा: नागपूर, अजनी, इतवारी, जिथे सोयीचं तिथली समुद्रसपाटीची उंची वाचा, फक्त ती फलाटाजवळची आहे, बाहेरच्या रस्त्याची नाही. एकदा झिरो माइलवर जुळवलं की लगेच आपल्या नेहमीच्या सुरुवातीच्या ठिकाणी जा आणि तिथला आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर दाब फार सरकलेला नसतो. त्यानंतर रोज झिरो माइलला जायची गरज नाही.

कृती अशी. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर आल्यावर घड्याळ 10 ते 15 मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. तापमान एकदम बदललं की सेन्सरचा आकडा थोडा वेळ डगमगतो. मग सेटिंगमध्ये अल्टिमीटर (उंचीमापक), कॅलिब्रेट, आणि उंची हाताने भरा. जीपीएसवरून आपोआप कॅलिब्रेट करायचा पर्यायही असतो. तो वापरायचाच तर सिग्नल मिळाल्यावर मोकळ्या जागी तीन-चार मिनिटं थांबा. सिग्नल आला रे आला की स्टार्ट दाबणारे पहिल्या किलोमीटरला 25 मीटरची दरी घेऊन येतात.

काही घड्याळं उंचीऐवजी समुद्रसपाटीचा दाब मागतात. इथे बरेच जण हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा टाकतात आणि मे महिन्यात फसतात. हवामान खात्याच्या पद्धतीचा समुद्रसपाटीचा दाब प्रत्यक्ष तापमान धरून काढलेला असतो. घड्याळ मात्र प्रमाण वातावरण धरतं, म्हणजे समुद्रसपाटीला 15 अंश. आपल्याकडे 43 अंश असताना या दोन पद्धतींत 2-3 हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे 20 ते 30 मीटर. घड्याळाला हवा असतो तो वैमानिकांचा आकडा, क्यूएनएच. नागपूर विमानतळाचा मेटार, म्हणजे वैमानिकांसाठीचा हवामान अहवाल काढा, विमानतळाचा संकेत व्हीएएनपी; त्यात क्यू अक्षरापुढचे चार अंक म्हणजे तोच दाब. क्यू 1004 असेल तर 1004 भरा.

याच प्रमाण वातावरणामुळे उन्हाळ्यात चढ थोडा कमी भरतो. गरम हवा विरळ असते, तेवढंच चढूनही दाब कमी उतरतो. खरे 100 मीटर चढलात तर 30 अंशांत घड्याळ 94 दाखवेल, 42 अंशांत 91. हा बिघाड नाही आणि कॅलिब्रेशनने जाणारही नाही. डिसेंबर आणि मे मधले टेकडीचे आकडे शेजारी ठेवून हळहळू नका, एवढंच.

आता खरा बिघाड. बॅरोमीटरपर्यंत हवा पोचते ती घड्याळाच्या कडेच्या किंवा पाठीवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम वाळतो आणि मीठ मागे राहतं. पट्ट्यावर दिसते तीच पांढरी रेघ छिद्रातही असते. त्यात सनस्क्रीन, पाऊडर, रस्त्याची धूळ. छिद्र अर्धवट बुजलं की दाब आत उशिरा पोचतो. आलेख बराच वेळ सपाट राहतो, मग एकदम पायरीसारखा 8-10 मीटर उडी घेतो. पावसाळ्यात छिद्रावर पाण्याचा पडदा धरतो आणि आलेखात काटे येतात, हात झटकला की नाहीसे होतात. रेनकोटची घट्ट बाही घड्याळावर असेल तरी तसंच.

साफ करताना घाई नको. घड्याळ बंद करा, पट्टा काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात 10-15 मिनिटं बुडवून ठेवा, मधून मधून हलवा. मग नळाच्या हलक्या धारेखाली छिद्रांची बाजू धरून धुवा, मऊ कापडाने टिपा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. ओलं असताना चार्जर लावू नका. टाचणी, सुई, टूथपिक छिद्रात घालायची नाही; आत पातळ पडदा असतो आणि तो एकदा फाटला की पाणी आत. सायकलच्या पंपाने हवा मारणंही तितकंच वाईट. रोज धावत असाल तर मार्च ते जून दर आठवड्याला साध्या पाण्याने धुतलं तरी ही वेळ येत नाही.

साफसफाईनंतर दोन चाचण्या करा. पहिली टेबलाची: घड्याळ 24 तास खिडकीशी न हलवता ठेवा आणि बॅरोमीटरचा आलेख पाहा. दोन उंचवटे, दोन खोलगट जागा असलेली गुळगुळीत रेघ दिसली तर सेन्सर चांगला आहे, तुम्हाला आपल्या शहराची हवा दिसतेय. दातेरी किंवा तुटक रेघ दिसली तर सेन्सर किंवा छिद्र. दुसरी जिन्याची: टेपने एका पायरीची उंची मोजा, पायऱ्या मोजा. 16 सेंटिमीटरच्या 160 पायऱ्या म्हणजे 25.6 मीटर. धावण्याची नोंद सुरू करून चढा, वर मिनिटभर थांबा, उतरा, असं तीनदा. प्रत्येक वेळी 23 ते 26 आलं तर घड्याळाशी भांडण मिटवा. 18, 27, 21 असं आलं तर नाही. लिफ्टने गेलात तरी चालतं, दाबाला पाय लागत नाहीत.

बॅरोमीटर नसलेल्यांसाठी मानकापूरचा ट्रॅक घ्या. दहा फेऱ्यांत खरा चढ शून्य. घड्याळाने दाखवलेला 60-70 मीटर हा निव्वळ जीपीएसचा गोंगाट. अशा घड्याळाची नोंद नकाशातल्या उंचीने बदलून घेणंच शहाणपणाचं. गार्मिन कनेक्टच्या वेबसाइटवर प्रत्येक नोंदीत एलिव्हेशन करेक्शनचं बटण असतं. बॅरोमीटर नसलेल्या घड्याळांना ते मुळातच चालू असतं, असलेल्यांना बंद. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेच्या वेबसाइटवरही तशी सोय आहे. स्ट्राव्हा बॅरोमीटरवाल्या नोंदीत सलग 2 मीटरपेक्षा जास्त चढ मोजतं, बाकीच्यांत 10 मीटरपेक्षा जास्त. दोघं शेजारी धावले आणि एकाला 48, दुसऱ्याला 20 आले याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

बॅरोमीटर असेल तर मात्र ते बटण दाबू नका, निदान नागपुरात तरी. नकाशातल्या उंचीचा एक मोठा, सर्रास वापरला जाणारा स्रोत म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून केलेलं रडार सर्वेक्षण. त्याची जाळी साधारण 30 मीटरची. रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं लागतात, रस्ता नाही. आणि 2000 नंतर या शहरात किती पूल झाले ते सांगायला नको. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा पूल, त्यावर मेट्रो; या नकाशाला ते सगळं एकाच पातळीवर. पुलावर चढून उतरलात तर बॅरोमीटर तो चढ पकडतो, नकाशा पुसून टाकतो. पुलाखालून धावताना उलटी गंमत: तिथे उपग्रह झाकले जातात, ठिकाण बाजूला सरकतं, आणि नकाशातून शेजारच्या इमारतीच्या छपराची उंची उचलली जाते.

धावताना होणारं आपोआप कॅलिब्रेशन चालू ठेवायचं की बंद यावर वाद आहेत. माझं मत: दोन तासांपेक्षा लांब धाव असेल तर चालू ठेवा, पहाटेचा चढता दाब ते बऱ्यापैकी सावरतं. सेमिनरी हिल्सवर चढाच्या फेऱ्या मारत असाल तर बंद. झाडीत जीपीएस डळमळतं, दर फेरीला उंची थोडी थोडी ओढली जाते आणि पाचवी फेरी पहिलीपेक्षा बुटकी निघते. काही घड्याळांत बॅरोमीटरला नुसता हवामानाचा दाब मोजायला लावता येतं. ती सेटिंग चुकून चालू झाली असेल तर टेकडी चढूनही उंची हलत नाही, आणि सेन्सर मेला असं वाटतं. धुण्याच्या आधी ती तपासा.

एवढं करून जिन्यावर तीनदा तीन आकडे येत असतील, तर सॉफ्टवेअर अपडेट करा, रीसेट करा, पुन्हा जिना. तरीही तेच असेल तर सर्व्हिस सेंटर. जाताना 24 तासांच्या आलेखाचा फोटो, जिन्याची मोजलेली उंची आणि तिन्ही फेऱ्यांची नोंद सोबत न्या. 'उंची चुकते' एवढंच सांगितलं तर काउंटरवर रीसेट करून घड्याळ परत हातात येतं.