तुम्ही विचारलंत म्हणून : रातोरात पडलेले निगेटिव्ह रिव्ह्यू खरे मानायचे का?

सांगलीच्या विश्रामबागेतली कॉलेजची पोरं असोत की त्यांचे पालक, प्रश्न ठरलेला : स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एखाद्या गेमवर एका रात्रीत हजारो निगेटिव्ह रिव्ह्यू पडतात, ती टीका की झुंडशाही? हो-नाहीत उत्तर मागू नका.

'हेलडायव्हर्स २' या गेमचंच घ्या. मे २०२४ मध्ये त्याची प्रकाशक सोनीनं जाहीर केलं, स्टीमवरच्या खेळाडूंनाही पीएसएन (सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं) खातं जोडावं लागेल. ते खातं सत्तरेक देशांतच काढता येत होतं. गेम मात्र फेब्रुवारीपासून त्याबाहेरही विकला होता. काही दिवसांतच दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, १७७ देश-प्रदेशांत विक्री थांबली आणि ६ मेला सोनीनं माघार घेतली. "अट तर पहिल्यापासून गेमच्या स्टीम पानावर होती," असं मला सुनावतात. होती. पण सर्व्हरच्या अडचणींमुळे सुरुवातीला ती टाळता येत होती. आणि जिथे अट पाळणंच शक्य नाही, तिथे पैसे घेतलेच कसे? भारतात पीएसएन आहे, सांगलीकराचं काही अडत नव्हतं. तरी त्यानं निगेटिव्ह दिला असेल, तर तो मला रास्तच वाटतो. माघारीनंतर अनेकांनी आपले रिव्ह्यू पुन्हा पॉझिटिव्ह केले, हेही बघा.

रिव्ह्यू फक्त खेळाबद्दल हवा, असं मी पूर्वी ठासून म्हणायचो. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्हची भूमिका जवळपास तीच : रिव्ह्यूंची एखादी लाट विषयाबाहेरची ठरली, तर मार्च २०१९ पासून त्या काळातले सगळे रिव्ह्यू गेमच्या गुणांतून वगळतात. त्यात त्या दिवसांतले प्रामाणिक रिव्ह्यूही जातात. डीआरएमवरची (नक्कल रोखणाऱ्या कुलपावरची) तक्रारसुद्धा विषयाबाहेरची! विकत घेतलेला गेम डीआरएममुळे सुरूच झाला नाही, तर तो विषय कुणाचा?

पण जानेवारी २०१९ मध्ये 'मेट्रो एक्झोडस' हा गेम स्टीम सोडून एपिक या प्रतिस्पर्धी दुकानाकडे गेला, तेव्हा राग स्टीमवरच्या जुन्या मेट्रो गेमांवर निघाला. त्यांच्यात काडीचाही बदल नव्हता. हे मला पटत नाही.

मार्केट यार्डात हळद पोतं उघडून बघतात, तसंच इथे करा. गेमच्या स्टीम पानावरच्या रिव्ह्यूंच्या आलेखातला लाल (निगेटिव्ह) उंचवटा क्लिक करा, त्या तारखांचे रिव्ह्यू वाचा, रिव्ह्यू लिहिताना किती तास खेळून झाले होते ते बघा. शंभर तासवाल्याची तक्रार आणि दहा मिनिटंवाल्याची शिवी एका मापानं मोजू नका.

'हेलडायव्हर्स २'मध्ये अट सोनीची, लाल आलेख मात्र गेम बनवणाऱ्या ॲरोहेडच्या नावावर. हे मला आजही खुपतं. पण स्टीमवर रिफंड एरवी खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलं असेल तरच मिळतो. शंभर तास खेळलेल्याने मग काय करायचं?