थुकायचं कुठं?

मी वर्धा जिल्ह्यातला, कारंजा घाडगेकडचा संत्रावाला. म्हणजे दारूबंदीतला. नाशिकला वाइन चाखायला चाललो हे घरी कसं सांगणार? "द्राक्षाची बाग पाहाले चाललो," म्हटलं. खोटं तर नव्हतं. पुलगावला विदर्भ एक्स्प्रेस धरली, बडनेऱ्याला साळा चढला.

फेब्रुवारीत तिथं द्राक्षं काढणं जोरात होतं. युरोपात हे काम सप्टेंबरात, इथं जानेवारी ते मार्च, ऊन तापायच्या आत. वेलीच्या वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. मला आपला ताण आठवला. आपण पाणी तोडून संत्र्याला फुलायला लावतो, ते कात्रीनं लावतात.

उष्ण मुलखाची खरी अडचण मला बागेतच उमगली. उन्हानं साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच लवकर उतरतो. म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे, अन् आत स्टीलच्या टाक्या गार ठेवलेल्या. एका टाकीला हात लावला तर तळवा ओला झाला. बाहेर आमच्या शर्टाला घाम, आत टाकीला.

मग चाखणं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग पाहायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट. आधी पांढऱ्या, शेवटी लाल. शेनिन ब्लाँ ही पांढरी सोपी गेली. सोविन्यों ब्लाँला हिरव्या गवताचा वास, तो मला ओळखू आला, बाकीचे नुसते माना हलवत होते. लाल शिराझनं जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी आवळली. हे द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनचं काम म्हणे. आपल्याकडं 'तुरट' हा शब्द पडलाच आहे की.

घोट तोंडात घोळवून बादलीत थुकायचा असतो. मी थुकलो. साळा माझ्याकडं बघतच राहिला.

"भाऊजी, पैसे देऊन घेतलं अन् थुकता काऊन?"

त्यानं एकदाही थुकलं नाही. पाचव्या ग्लासाला त्याला सगळ्याच वाइन सारख्या लागत होत्या, यात नवल ते काय.

एक बाटली घेतली, पण वर्ध्यात न्यायची सोय नाही. ती बडनेऱ्याला साळ्याकडंच उतरली. तिचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

घरी मृग बहाराच्या संत्र्यांचा तोडा सुरूच होता. ओसरीवर तीन झाडांची तीन संत्री सोलली, बाबांना डोळे मिटायला लावले. पहिलं गोड. दुसऱ्याला आंबटगोड धार होती, त्याला त्यांनी मान डोलावली. तिसरं, धुऱ्यावरच्या मोकळ्या झाडाचं, उन्हात जास्त दिवस राहिलेलं. फोड चावली अन् बाबांचं तोंड वाकडं झालं.

"गोड हाय, पण फिक्कं. आंबट गेलं याचं."

हेच नाशिकला ऐकायला मी तिकीट काढून गेलो होतो.

"आता थुका," मी म्हटलं.

"कायले?" म्हणत त्यांनी ती फोड गिळून टाकली.